बा नववी म्हाराजा

कुणी मूल काही सांगायला उभं राहिलं की सर आधी चष्मा काढायचे. शर्टाच्या टोकाने तो नीट पुसायचे, आणि पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या ऐवजी खिशात टाकायचे. मग म्हणायचे, "हां. काय झाला ता सांग. बरा-वायट मगे बघया."

मी एकदा न राहवून विचारलं, खिशातच टाकायचा तर पुसता कशाला? म्हणाले, "बाई, आयकाक चष्मो कित्याक व्हयो?" माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण सरांची बरीच उत्तरं अशीच असायची.

मी गणिताची बाई. माझी जीभ तिखट आहे, हे जामसंड्यात कुणालाही विचारा. माझ्या विषयात उत्तर बरोबर येतं नाहीतर चुकतं, आणि चुकलं तर तांबडी फुली मारून पुढे जायचं. सर चित्रकलेचे. चित्रकलेला तास कमी, म्हणून मूल्यशिक्षणाचा तास त्यांच्या गळ्यात पडला. तुमच्याही शाळेत असंच असेल बघा. पोरं बिघडली, मोबाईलपायी वाया गेली, पोलिसांत नावं जायला लागली, म्हणून सगळे ओरडतात. आणि त्यावरचा एकुलता एक तास ज्याला काम कमी त्याला देतात.

भिंतीवर दहा मूल्यांचा तक्ता होता. त्यात वक्तशीरपणा अगदी ठळक अक्षरांत होता, आणि सर रोज सात-आठ मिनिटं उशिरा यायचे. एसटीवर खापर फोडायचे. मी म्हणायची, "सर, तक्त्याकडे बघून तरी या." तर हा माणूस तक्त्याकडे बघून खरंच हात जोडायचा.

शुक्रवारी शेवटचा तास नववीवर असायचा. त्या वर्गातून दर आठवड्याला एक आरोळी ऐकू यायची, "व्हय म्हाराजा!" शेजारच्या वर्गात मी वर्गमुळं शिकवत असायची. माझी पोरं गालात हसायची. पहिल्यांदा मला वाटलं, सर पोरांना देवळातलं गाऱ्हाणं शिकवतायत की काय.

आमच्याकडे जत्रेला, लग्नाला, घर बांधायला घेतलं तरी देवापुढे गाऱ्हाणं घालतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. एक जाणता माणूस नारळ ठेवून उभा राहतो आणि मोठ्याने देवाला सांगतो, असं असं झालंय, अमक्याला असं दुखलंय, आता तू सांभाळ. आणि मागची सगळी माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. म्हणजे आम्ही ऐकलं, आम्ही साक्षीला आहोत.

सरांनी यातला देव काढला आणि त्या जागी वर्ग बसवला. मुख्याध्यापकांनी विचारलं होतं की शाळेत सगळ्या घरांतली पोरं येतात, हे कसं चालेल? सर म्हणाले, देव नको, वर्ग पुरे. म्हणून गाऱ्हाण्याची सुरुवात "बा देवा म्हाराजा" अशी न होता "बा नववी म्हाराजा" अशी व्हायची. माझी हसून हसून पुरेवाट झाली होती.

हसणं ओसरलं आणि मला खोड लागली. वेळापत्रक बदललं आणि शुक्रवारचा शेवटचा तास मला मोकळा मिळाला, तेव्हापासून मी वह्या तपासायच्या निमित्ताने व्हरांड्यात, त्या खिडकीखाली खुर्ची टाकून बसायची. चोरून ऐकायची. हे सरांना ठाऊक नव्हतं. आता पुढे जे सांगणार आहे त्यात या खुर्चीला महत्त्व आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

वर्गातली पद्धत अशी होती. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि आपल्या हातून काय झालं ते क्रमाने सांगायचं. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. "असं करायला नको होतंस" म्हणायला सक्त मनाई. मग ज्याला लागलं त्याचं नाव घ्यायचं. आणि आपण आता काय करणार ते सांगायचं. मगच वर्गाने व्हय म्हणायचं. आणि वर्गातलं वर्गात.

एका पोराने शेजाऱ्याचा फणस कापून खाल्ला होता आणि माकडांवर ढकलला होता. वर्गाने विचारलं, "कोयतो कोणाचो?" कोयता शेजाऱ्याच्याच पडवीतला. पोरगा संध्याकाळी शेजाऱ्याकडे जाऊन कबूल झाला, तर शेजारी म्हणाला, माकडं कोयता धुऊन परत ठेवायला कधी शिकली ते मलाही कोडंच होतं.

सगळं असं हसण्यावारी जायचं नाही. एका मुलीने मैत्रिणीच्या नावाने खोटं खातं उघडलं होतं आणि त्यावरून घाणेरडे मेसेज पाठवले होते. ती मैत्रीण त्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. ती मुलगी उभी राहिली तेव्हा मी खिडकीखाली हातातली वही मिटली. मी असते तर दोघींच्या आयांना बोलावून घेतलं असतं. मी डोकावून पाहिलं, तर सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता आणि तिला सगळं सांगू दिलं.

तेव्हा मला त्या चष्म्याचं कळलं. चष्म्याशिवाय सरांना हातभरापलीकडचं दिसत नसे, आणि पोरांना ते माहीत होतं. बोलताना आपलं तोंड कसं झालंय ते या माणसाला दिसत नाहीये, एवढ्या आधारावर पोरं बोलत होती.

तरी माझा विश्वास बसत नव्हता. मी विचारायची, "सर, अशाने किती पोरं सुधारली?" ते म्हणायचे, "सुधारली काय ता माका ठावक नाय. सांगूक लागली, इतक्या ठावक आसा." गणिताच्या माणसाला असलं उत्तर चालत नाही. पण मी खुर्ची टाकायची काही सोडली नाही.

त्या वर्षी नववीत एक मुलगा होता. त्याला प्रथमेश म्हणते. खरं नाव वेगळं. अंगाने मोठा, गणितात कच्चा, घरी वडील मुंबईला आणि आई काजूच्या कारखान्यात. शाळा सोडलेल्या दोन थोराड पोरांच्या मोटरसायकलवर तिसरा म्हणून बसलेला दिसायचा. अशी पोरं कुठल्या वाटेला लागतात ते आम्हा शिक्षकांना दिसत असतं. आम्ही शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना भाकितंही करतो.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी प्रथमेश उभा राहिला. "बा नववी म्हाराजा," म्हणाला, आम्ही तिघं वरच्या बागेत आंबे काढायला गेलो. बहादूर ओरडला म्हणून त्याच्या खोपीवर दगड मारले. तो बाहेर आला तर त्याला चिडवला, त्याच्या बोलण्याची नक्कल केली. वर्गातलं कुणीतरी हसलं. सरांनी विचारलं, "कोणाक लागला?" प्रथमेश म्हणाला, "बहादूराक." "आता काय करतलंस?" "परत जावचंय नाय." वर्ग म्हणाला, "व्हय म्हाराजा." तास संपल्याची घंटा झाली आणि मी वह्या उचलल्या.

आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळची माणसं असतात. मोसमाला येतात, पत्र्याच्या खोपीत राहतात, माकडं आणि चोर हाकलतात. आमच्याकडे त्या सगळ्यांना बहादूर म्हणतात.

एप्रिलात सकाळची शाळा सुरू झाली होती. एका दुपारी, जेवून सगळे लवंडलेले असताना, ती दोन थोराड पोरं पिकअप घेऊन त्याच बागेत गेली. वाट दाखवायला प्रथमेश. भरून ठेवलेल्या आंब्याच्या पेट्या त्यांनी गाडीत चढवल्या. राखणदार धावत आला. बागेच्या दगडी गडग्यावरून उडी मारताना पायाखालचा चिरा सुटला आणि तो खाली आदळला. मांडीचं हाड मोडलं. पिकअप निघून गेली. प्रथमेश पळाला, पण रस्त्याला लागल्यावर थांबला आणि त्याने सरांना फोन केला. "सर, बहादूर पडलो. उठणा नाय."

सरांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, स्वतः बागेत गेले, आणि संध्याकाळी प्रथमेशला घेऊन पोलिसांत गेले. तक्रार झाली. मुलगा अठराच्या आतला, म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला. पुढच्या तारखा पडल्या आणि तोवर त्याला आईच्या ताब्यात दिलं.

शाळेत सभा बसली. संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि आम्ही सगळे. प्रश्न एकच होता: पोराच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा की त्याला शाळेत ठेवून घ्यायचं? अध्यक्ष म्हणाले, पोलिसांची गाडी फाटकात उभी राहिली, पालक विचारतायत, पुढच्या वर्षी तो दहावीला बसणार. दाखला दिला असता तर आसपासच्या दुसऱ्या कुठल्या शाळेने त्याला घेतलं नसतं. तो कायमचा त्या मोटरसायकलवर बसला असता. हे सभेतल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही.

सर त्या दिवशी शुद्ध मराठीत बोलले. एरवी अध्यक्षांशीसुद्धा मालवणीत बोलणारा माणूस. म्हणाले, "त्याने फोन केला. पळून जाता आलं असतं, तरी केला. ही मुलं सांगायला शिकली आहेत. आता आपण दार लावून घेतलं तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही."

आणि मी तोंड उघडलं. काय बोलले ते अजून शब्दन् शब्द लक्षात आहे. "सर, तुमच्या या नाटकाने पोरांची भीड मेली. वर्गात उभं राहून बडबडलं की झालं माफ. त्या माणसाची मांडी मोडली त्यात तुमचाही वाटा आहे. द्या त्याला दाखला."

सर माझ्याकडे बघत राहिले. चष्मा डोळ्यांवर होता. म्हणाले, "हो. आहे."

वाद नाही, राग नाही. निर्णय जूनवर गेला. मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. सरांना बोलले म्हणून असेल, असं तेव्हा वाटलं.

त्या शुक्रवारी सरांनी प्रथमेशला वर्गात बोलावून मागच्या बाकावर बसवलं. मला म्हणाले, "बाई, आज तुमी भुतूर बसा." त्यांना खुर्चीचं ठाऊक होतं की काय, असं क्षणभर वाटून गेलं. मी आत बसले.

सर फळ्यापुढे उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला नाही. प्रत्येकाचं तोंड बघत बोलले.

"बा नववी म्हाराजा. फेब्रुवारीत ह्याच वर्गात एक गाऱ्हाणा झाला. मी इचारलंय, कोणाक लागला? पोरगो म्हणालो, बहादूराक. मी आयकलंय, आणि व्हय म्हटलंय. बहादूर ह्या काय नाव न्हय. नेपाळासून येतत त्या सगळ्यांकच आपण तशी हाक मारतंव. ज्याचा नावच आमका ठावक नाय, त्येका लागला ता आमका कसा कळतला? ता गाऱ्हाणा अर्ध्यार रवला, आणि मी ता पुरा म्हणून सोडलंय. माझा चुकला."

कुणी व्हय म्हणालं नाही.

"व्हय म्हणू नकात," सर म्हणाले. "माझापण अजून अर्ध्यारच आसा. नाव गावला की पुरा करतलंय." मग प्रथमेशकडे वळून म्हणाले, "जा. त्येचा नाव इचारून ये."

मी खाली मान घालून बसले होते. फेब्रुवारीत खिडकीखाली मीही ते ऐकलं होतं. वहीत एक सुटलेलं चिन्ह मला लांबून दिसतं. बहादूर हे नाव नव्हे, हे मलाही दिसलं नव्हतं. आणि सभेत मी सगळं त्यांच्या माथी मारून मोकळी झाले होते. तिथल्या तिथे उठून हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पोरांसमोर कसं सांगायचं, म्हणून राहिलं.

मे महिन्यात मला प्रथमेश स्टॉपवर दिसायचा. उन्हात, हातात पेजेचा डबा. तळेऱ्याला गाडी बदलून सरकारी दवाखान्यात जायचा. सर कधी बरोबर असायचे, बहुतेकदा नसायचे. पहिल्या दिवशी त्या माणसाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. पोराने येऊन सरांना सांगितलं, तर सर म्हणाले, उद्या परत जा. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला. मग एक दिवस आला तो रिकामा.

एकदा मी थांबून विचारलं, काय रे, सांगितलं का नाव? म्हणाला, "अजून नाय, बाई. पण कितवीत आसंस ता इचारल्यान." त्या माणसाची मुलगीही तिकडे नेपाळात, गावी, नववीतच होती.

जूनमध्ये वर्ग दहावीचा झाला आणि वर्गशिक्षिका मी. अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं, "बाई, तुमचा वर्ग आहे. मागे तुम्हीच दाखला द्या म्हणालात. काय करायचं?" त्यांच्या टेबलावर सरांचं पत्र होतं. मुलाची जबाबदारी माझी, त्यात कसूर झाली तर माझा राजीनामा घ्यावा, असं दोन ओळींत लिहिलेलं. मला तो डबा दिसत होता. मी म्हटलं, "बसू दे." यापेक्षा जास्त बोलायला हवं होतं, पण एवढंच बोलले.

पहिल्या शुक्रवारी प्रथमेश उभा राहिला. "बा दहावी म्हाराजा," म्हणाला. सरांनी केव्हाच चष्मा काढला होता. "खिमराज," तो म्हणाला. "त्येंचा नाव खिमराज. अकरा मोसम आमच्या गावात येतत. त्येंका लागला." पुढे म्हणाला, हाड जुळेपर्यंत ते बागेतच राहतील, तोवर रविवारी त्यांचं पाणी मी भरणार, बागेच्या मालकाला विचारलंय. सर उभे राहिले, म्हणाले, माझंही गाऱ्हाणं आता पुरं झालं. मग वर्ग जे व्हय म्हाराजा म्हणाला ते पार फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल.

प्रथमेश दहावी सुटला. गणितात काठावर, पण सुटला. आता आयटीआयला आहे. ती दोन थोराड पोरं पुढे आणखी कशात तरी सापडली. म्हणजे तास घेतला की गुन्हे थांबतात असं मी म्हणत नाही. ती दोघंही एकेकाळी आमच्याच शाळेत होती. सरांच्या आधी तो तास माझ्याकडे होता, आणि मी त्या तासाला भागाकार उरकून घ्यायची.

गेल्या श्रावणात सर गेले. शाळेतून घरी गेले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत संपलं होतं. शोकसभेत सगळे बोलले. मीही बोलले. शिस्त, सेवा, समर्पण, असलं काहीतरी. स्वतःचंच भाषण ऐकून मला स्वतःची चीड आली.

हे लिहायच्या आधी मी प्रथमेशला विचारलं. वर्गातलं वर्गात, हा नियम मोडतेय, चालेल का? म्हणाला, "लिवा, बाई. माझा नाव बदला. त्या खिमराज मामांचा मातर खरा लिवा." म्हणून ते खरं लिहिलं आहे.

सरांचं नाव मात्र मी लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याचं कारण हे.

सर गेल्यावर तो तास रिकामा राहिला. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुम्हीच घ्या. पहिल्या शुक्रवारी गेले. भिंतीवर तोच तक्ता. नववी नवीन, पण आठवीत ती पोरं सरांच्या हाताखालची. त्यांना वाटलं, बाई आता वर्गमुळं काढणार.

मी फळ्यापुढे उभी राहिले. मलाही आता चष्मा आहे. काढला, पुसला, पर्समध्ये टाकला. समोरची सगळी तोंडं पुसट झाली. बावीस वर्षांत वर्गात मी मालवणीचा एक शब्द उच्चारला नव्हता.

"बा नववी म्हाराजा," मी म्हटलं.

आणि सांगितलं. खिडकीखालची खुर्ची, फेब्रुवारीतलं ते गाऱ्हाणं, सभेत मी काय बोलले ते, आणि नंतर कितीदा सांगायची वेळ आली आणि मी गप्प राहिले ते. ज्याला लागलं त्याचं नाव घ्यायचं असतं. मी सरांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. ते त्या वर्गात घेतलं आणि तिथेच ठेवलंय.

मग मागून एका मुलीचा आवाज आला. कोण ते मला दिसत नव्हतं. पद्धतीप्रमाणे तिने विचारलं, "बाई, मगे आता काय करतलात?"

सर असते तर करण्यासारखं काहीतरी होतं. त्यांच्या घरी गेले असते, निदान शिक्षकांच्या खोलीत हात जोडले असते. माझे डोळे भरून आले होते, आणि चष्मा नसल्याने ते पोरांना सरळ दिसत होते.

"आयकतलंय," मी म्हटलं. "दर शुक्रवारी."

मग सगळी पोरं मिळून म्हणाली, "व्हय म्हाराजा."